बँडचे सहा कोट

३ फेब्रुवारी

सुई,

आशीर्वाद शेवटी देतो, आधी काम सांगतो. तू म्हणशील, कोट शिवायचे असल्याशिवाय दादाला बहीण आठवत नाही. खरंच आठवत नाही. पण या वेळी काम मोठं आहे.

बाबांनी बँड काढला त्याला येत्या मे महिन्यात साठ वर्षं होतात. बागेच्या समितीने आपल्याला वाजवायला बोलावलंय. तळ्याकाठचा तो गोल चौथरा आठवतो ना, लोखंडी खांबांचा, ज्याच्या छपरातून कबुतरं नेमकी बाबांच्या टोपीवर नेम धरायची? तिथेच, मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी. बाकं पुसून ठेवणार म्हणतात. माणसं येतील तेव्हा खरं.

आम्ही आता सहा जण उरलोत. सहा नवे कोट हवेत. रंग तोच, गडद निळा, बटणं पितळी. फक्त या वेळी शिलाई जरा आजची कर, अंगाबरोबर बसणारी. हल्ली ढगळ कुणाला आवडत नाही. काखेखाली ती चुणी घालतेस ना, ती नको. सहाही जणांची मापं मागच्या पानावर लिहिली आहेत.

इथे सकाळी तळ्यावरून धुकं चढतं आणि थेट आपल्या तालमीच्या खोलीपर्यंत येतं. खालचा छापखाना बंद झाला, पण वरची खोली अजून आपल्याकडे आहे. मी खिडकीशी बसतो. बाहेर काहीच नसतं, नुसतं पांढरं. मग वाटतं, अठरा जण जिना चढून येतायत, कुणी खोकतंय, कुणी उशीर झाला म्हणून आधीच कारणं देतंय. मग धुकं उतरतं आणि समोरचं सायकलचं दुकान दिसायला लागतं.

गुडघे कसे आहेत? आता घे आशीर्वाद.

दादा

१४ फेब्रुवारी

दादा,

आशीर्वाद पोचले, शेपटाला बांधून का होईना. साठ वर्षं! पत्र वाचून दाखवायला कुणी घरात नव्हतं, म्हणून समोरच्या धोबिणीला खिडकीतून ओरडून सांगितलं. तिला वाटलं माझी साठी आहे. मी तिची चूक दुरुस्त केली नाही.

आता मापांचं. तू स्वतःची छाती अडतीस लिहिली आहेस. ही कुणाची मोजलीस? विशीत तुझी चाळीस होती आणि श्वास भरलास की साडेबेचाळीस. नुसती मापं लिहून पाठवायची आपल्याकडे पद्धत नाही. पाच वर्षांपूर्वी शिवलेले कोट पाठव. माणूस कुठे वाकतो, कुठे घासतो, कुठे घाम येतो ते मला कोटावरून कळतं.

आणि चुणी नको? बाबांनी मला शिवणात पहिली गोष्ट शिकवली ती चुणी. फुंकणाऱ्याने दम भरला की बरगड्या बाहेर येतात आणि चुणी उघडते, सोडला की मिटते. ती नसेल तर दुसऱ्याच गाण्याला पाठ उसवेल. हे मी तुला सांगायचं की तू मला?

संध्याकाळची चाल वाजवणार ना? बाबांनी बांधलेल्यांपैकी मला तीच खरी आवडते. मध्यावर तुम्ही सगळे थांबता आणि यांचं युफोनियम एकटंच उरतं, मांडीवरच्या बाळासारखं धरलेलं ते भलंमोठं पितळ. तो जाड, ऊबदार आवाज खाली खाली उतरत जातो, मग तुम्ही हळूच परत येता. लग्नानंतर एकतीस वर्षं हे स्वयंपाकघरात त्या ओळी घोटायचे आणि माझं दूध उतू जायचं.

यांच्यानंतर नऊ वर्षं मी ती चाल ऐकलेली नाही. युफोनियम आता कोण वाजवतं? मी येणार आहे ऐकायला. गुडघ्यांना आतापासूनच सांगून ठेवलंय.

सुई

२ मार्च

सुई,

कोट पाठवलेत, धुऊन, इस्त्री करून. तुझ्या हट्टापुढे बाबाही हात टेकायचे, तिथे मी कोण!

संध्याकाळची चाल वाजते. दर कामात वाजते. मेहुण्यांचा भाग आला की लोक डोळे मिटतात, अजूनही. तो भाग होता तसाच आहे, तसूभरही इकडचा तिकडे नाही.

वकील तुझी आठवण काढतो. ट्रंपेट वाजवण्यापेक्षा वाद घालण्यातच त्याची फुप्फुसं जास्त खर्च होतात. ढोल्याने मोठ्या ड्रमला नवं कातडं चढवलं आणि आठ दिवस कुणाला हात लावू देत नव्हता. बाकी तिघं बरे आहेत.

तू एवढ्या लांब येऊ नकोस. बस नऊ तास घेते आणि मधला रस्ता तुझ्या गुडघ्यांच्या लायकीचा नाही. मी सगळं लिहून कळवीन.

दादा

२० मार्च

दादा,

आधी माझा मूर्खपणा सांगते. तुझं पत्र आल्यावर आठवडाभर मी त्या युफोनियमवाल्याचा विचार करत होते. कोण असेल, जवान असेल की आपल्याच वयाचा, यांच्यासारखं उतरताना तोही डोळे किलकिले करत असेल का? मशीनवर बसलं की तोच डोक्यात. त्याच्या कोटाचं कापड थोडं जास्त घ्यायचं असंही ठरवलं होतं, ते वाद्य पोटाशी धरावं लागतं म्हणून. मग लक्षात आलं, तू सहाच मापं पाठवली आहेस आणि त्यात युफोनियम कुणाच्याच नावापुढे नाही. तरी मी म्हटलं, दादा विसरला असेल.

मग कोट आले. दुपारी कपडे वाळत घालायच्या दोरीवर सहाही टांगले. खांदे उन्हाने विटलेत, म्हणजे कामं होतायत. पण पितळाला हात लावून लावून बाही हिरवट होते, ती कुठेच नाही. वकिलाच्या कोटाला काखेत घामाचा डाग नाही, तोच वकील, ज्याचे कोट आई दोन बोटांत धरून धुवायची.

आणि कच्चा टाका. मी चुणी मिटलेली राहावी म्हणून पांढऱ्या दोऱ्याचा एक कच्चा टाका घालते. तो कात्रीने कापायचा नाही, ही आपल्या बँडची रीत. पहिल्या कामात पहिला भरघोस दम घेतला की तो आपोआप तुटतो. ज्याचा आधी तुटेल त्याला सगळ्यांनी चहा पाजायचा. यांनी लागोपाठ चार वेळा चहा मिळवला होता.

दादा, सहाच्या सहा कोटांत माझा टाका शाबूत आहे. पाच वर्षं.

मला रागावता येत नाही, कारण काय झालंय तेच समजत नाही. हे कोट घालून तुम्ही करता काय?

सुई

२९ मार्च

सुई,

कोट इस्त्री करताना तो पांढरा दोरा मला दिसला होता. कापून टाकावा असं मनात आलं. हात धजला नाही.

आम्ही उभे राहतो. वाद्यं ओठाला लावतो, बोटं हलवतो, गाल फुगवतो. आवाज मागच्या गाडीतल्या भोंग्यातून येतो. ढोल्या तेवढा खरा वाजवतो, तोही हलक्या हाताने.

एकदम झालं नाही गं. एकेक गोष्ट त्या त्या वेळी पटण्यासारखीच होती. लोक म्हणाले, जुन्या चाली पुरे, सिनेमातलं वाजवा. वाजवलं. मग म्हणाले, सिनेमात व्हायोलिनं असतात, तुमच्यात कुठे आहेत? म्हणून कीबोर्ड आणला. कीबोर्डवाला एकटा पाच जणांचं काम करायचा, म्हणून पाच जणांना कामाचे निरोप जाईनासे झाले. कीबोर्ड रस्त्यावर ऐकू जाईना, म्हणून भोंग्याची गाडी आली. भोंग्यापुढे आमचं पितळ पडेल वाटायला लागलं, म्हणून आम्ही जीव खाऊन फुंकू लागलो आणि बेसूर झालो. शेवटी गाडीवाला म्हणाला, मास्तर, कशाला दमता, नुसतं धरून उभे राहा. एका कामात धरून उभे राहिलो. कुणाच्याही लक्षात आलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही.

तरी मी एक अट घातली, भोंग्यातून वाजेल ते आपलंच वाजेल. चौदा वर्षांपूर्वी त्या रेडिओवाल्याने चौथऱ्यावर आपलं ध्वनिमुद्रण केलं होतं ना, अठरा जणांचं, तेच लावतो. त्यात मेहुणे आहेत. मी क्लॅरिनेट ओठाशी धरून उभा असतो आणि सगळे थांबतात आणि माझ्या डावीकडून त्यांचा आवाज खाली उतरत येतो. दर वेळी माझी मान तिकडे वळते. तिकडे कुणी नसतं. तेवढ्यासाठी हे चालवून घेतलं असं मी स्वतःला सांगतो. पोटासाठी चालवलं, हेही आहेच.

तुझे हे अजून आमच्यात वाजवतात, सुई. तुला खोटं लिहिलं नव्हतं. पुरतं खरंही लिहिलं नाही.

दादा

२४ एप्रिल

दादा,

उशीर झाला. आजारी नव्हते. पहिले पंधरा दिवस मी खूश होते, तुझ्यापासून काय लपवू? कापड बेतताना मनात म्हणायची, आज रविवार, कुठल्या तरी अनोळखी रस्त्यावर हे आत्ता वाजवत असतील. फिरतीवर गेल्यासारखे. बाबांच्या वेळी नाही का, आठ आठ दिवस जायचात आणि कधी याल ते कळवायचा नाहीत. मी संध्याकाळी दोन कप चहा टाकायला लागले होते. दुसरा धोबीण प्यायची आणि काही विचारायची नाही. शहाणी आहे.

मग एका दुपारी मशीनवरच डोळा लागला. मला दोरीवरचे कोट दिसले. वाऱ्याने त्यांच्या चुण्या उघडत होत्या, मिटत होत्या, आत कुणी नव्हतं. शेवटी यांचा कोट होता आणि त्यात हे होते. ऊन चांगलंच तापलं होतं. मला म्हणाले, अगं, जरा बसू का?

तुला आठवतं, शेवटच्या वर्षी यांना किती दम लागायचा? पायऱ्या चढून आले की भिंतीला टेकायचे. पण काम असलं की रांगेत शेवटपर्यंत उभे. बसा म्हटलं की चिडायचे. जन्मात कधी बसायला न मागणारा माणूस, दादा, आणि गेल्यावरही इतकी वर्षं आपण त्याला रस्त्यांवर उभं केलंय. तू पोटासाठी आणि मी ते दोन आठवडे चहासाठी.

त्यांना आता बसू दे.

सोबत सहा कोट आहेत. चुणी घातली आहे आणि छातीला माझ्या हिशेबाने कापड सोडलंय. अंगात घातल्यावर ढगळ वाटतील. फुंकलात की बसतील. कच्चा टाका घातलेला नाही. तुटला की नाही ते मला तपासायचं नाही.

सुई

२ मे

सुई,

कोट पोचले. आम्ही सहा जण पोत्यात घातल्यासारखे दिसतो. वकील म्हणाला, यात माझ्याबरोबर माझा अशीलही मावेल.

सगळ्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ढोल्या उठून खिडकीपाशी गेला. मग वाद्यं उघडली. दहा दिवसांत कुणाचे ओठ परत येत नाहीत गं. वकिलाला तीन सुरांनंतर ओठाला रक्त आलं. माझी बोटं ठीक आहेत, दम नाही. एक ओळ पुरी होत नाही, मध्येच समुद्रात बुडाल्यासारखं होतं. गाडीवाला जिन्यात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, मास्तर, साठ वर्षांची अब्रू एका संध्याकाळी घालवणार का? समितीसमोर फजिती झाली तर पुढचं काम मिळणार नाही, हेही त्याचं खरंच आहे.

आणि तू येणार. तू पहिल्या बाकावर बसणार, मेहुण्यांचा भाग येणार, आणि त्यांचा आवाज गाडीत तयार असताना मी तो दाबून ठेवू? तू काहीही लिही. तुझं तोंड समोर दिसलं की माझ्याच्याने ते होणार नाही. मी बटण दाबायला सांगेन.

दादा

६ मे

दादा,

गुडघे नाही म्हणतात. डॉक्टरनेही बस नको म्हणून सांगितलं. मी येत नाही. तेव्हा माझं तोंड तुला दिसणार नाही.

सुई

१४ मे

सुई,

झालं एकदाचं! तू हवी होतीस.

हवा मोठी सुरेख होती. तळ्यावर संध्याकाळचं धुकं आलं होतं आणि चौथरा पाण्यावर तरंगल्यासारखा दिसत होता. बाकं निम्म्याच्या वर भरली. यंत्र बंद ठेवलं. आम्ही तीन चाली वाजवल्या, सगळ्या स्वतः. वकिलाचा एखादा सूर घसरला असेल, पण लोकांना कळलं नाही. मेहुण्यांचा भाग मी क्लॅरिनेटवर वाजवला. त्यांच्यासारखा नव्हे, पण बरा उतरला. टाळ्या थांबत नव्हत्या. समितीच्या बाईंनी मला फुलं दिली.

कोट अगदी बरोबर बसले, हे मात्र सांगायलाच हवं. तुझे गुडघे कसे आहेत?

दादा

२१ मे

दादा,

कामाला आता सुट्टी असेल म्हणून सावकाश वाच. मी तिथे होते.

शनिवारच्या बसने आले. स्टँडजवळच्या धर्मशाळेत उतरले. रविवारी संध्याकाळी शेवटून दुसऱ्या बाकावर, कण्हेरीच्या मागे बसले, डोक्यावरून पदर घेऊन. डॉक्टर कुणी काही म्हणाला नव्हता. मी समोर बसले असते तर तू प्रेमाने बटण दाबायला लावलं असतंस, म्हणून तुला खोटं लिहिलं. एकाच घरातले आहोत आपण.

तेव्हा आता काय झालं ते मी तुला सांगते.

पहिल्या चालीला वकिलाचा एखादा नाही, निम्मे सूर घसरले. पुढच्या बाकावरची दोन माणसं हसली. दुसरी चाल तुम्ही मध्येच सोडलीत आणि पुन्हा सुरुवात केलीत. तेव्हा कुणीतरी ओरडलं, आता खरं गाणं लावा! समितीच्या बाई खुर्चीत चुळबुळल्या. गाडीवाल्याने हात पुढे नेला आणि तू चौथऱ्यावरून उतरून त्याच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलास. काय बोललास ते ऐकू आलं नाही. त्याने हात मागे घेतला. तू परत वर चढलास तेव्हा धाप लागली होती तुला. मला तिथेच रडू आलं. बाबा असते तर तुला मिठी मारली असती, नि मग सूर चुकल्याबद्दल कानही पिळला असता.

मग संध्याकाळची चाल. यांचा भाग आला, सगळे थांबले आणि तू क्लॅरिनेट उचललीस. आवाज आलाच नाही, दादा. एक चिरका सूर आला आणि तुझा दम संपला. तळ्यावर ती पांढरी शांतता. मला वाटलं, संपलं. आणि ढोल्या गुणगुणायला लागला! आयुष्यभर ड्रम बडवलेला माणूस, सूर म्हणजे काय ते बापजन्मी माहीत नाही. तोंड मिटून, डोळे मिटून, यांची ओळ, सगळी वाकडी. मग वकील. मग तुम्ही सहाही जण हातातली वाद्यं खाली धरून नुसतेच गुणगुणत होतात. लोक हसत होते. मग हसायचे थांबले. टाळ्या फार वाजल्या नाहीत. चार-दोन माणसांनी वाजवल्या, त्यातली एक मी.

वाईट वाजवलंत. मी मोठी झाले ते त्या बँडसमोर, मला कळतं. पण इतक्या वर्षांनी तिथे कुणीतरी वाजवत होतं.

भेटले नाही, कारण तू विचारलं असतंस, कसं झालं गं? तोंडावर मला हे सांगता आलं नसतं. पुढच्या रविवारी तालमीला येते. दुपारपर्यंत पोचेन. तुम्ही बंद पडलात तरी मी बसून राहीन.

एक राहिलं. ढोल्या एके ठिकाणी ओळ चुकला, जिथे हे दर वेळी थोडे रेंगाळायचे. माझ्या नकळत मी मागून मोठ्याने बरोबर गुणगुणले. शेजारची बाई वळून बघायला लागली. म्हणाली, तुमचं कुणी आहे का बँडमध्ये?

मी म्हटलं, भाऊ आहे. नवरा होता, तो वारला.

नऊ वर्षांत हे मी पहिल्यांदा तोंडाने बोलले. तिने मला बाकावर थोडी जागा करून दिली.

सुई